साचा ओला आहे

माझ्यात आणि माझ्या धाकट्या भावात विस्तव जात नव्हता, आणि आम्ही दोघं एकाच भट्टीवर काम करत होतो. लोकांना याचं हसू यायचं. मला यायचं नाही. तापलेली मूस घेऊन जो माणूस आपल्यासमोर उभा आहे त्याच्याशी आपण बोलत नाही, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

ओतशाळा बाबांची. साचे माझे, रस त्याचा. मेणाचा आकार घडवायचा, त्यावर मातीचे थर चढवायचे, तापवून आतलं मेण वितळवून काढायचं आणि तो पोकळ साचा ठणठणीत कोरडा करून खड्ड्यात बसवायचा, इथपर्यंत माझं काम. तांबं आणि कथील मुशीत वितळवून त्याचा रस करायचा आणि मेणानं सोडलेल्या जागेत ओतायचा, हे त्याचं. त्याला मी लहानपणापासून ठोंब्या म्हणते. नाव मीच ठेवलं आणि त्यानं ते सार्थ केलं.

भांडण कशावरून, तेही सांगते. आई गेली त्या वर्षी मी तिचा चेहरा मेणात घडवला. फोटो समोर ठेवून नाही. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिचं तोंड मीच पुसायचे, त्यामुळे कुठं हाड आणि कुठं खड्डा हे माझ्या बोटांना पाठ होतं. तो चेहरा काशात ओतायचा होता. बाबा म्हणायचे, पुढच्या ओतीला बघू. पुढची ओत आली की त्याच्या पुढची. चेहरा खिडकीजवळच्या फळीवर तसाच राहिला.

मेणाला उन्हाळा सोसत नाही. ते एकदम वितळत नाही, आधी मऊ पडतं, आणि मऊ पडलेली वस्तू आपल्याच वजनानं खाली येते. दर उन्हाळ्यात आईचे गाल थोडे उतरायचे, ओठाचा एक कोपरा ओघळायचा. मी गार पाण्यात बोटं बुडवून ते पुन्हा जागेवर बसवायचे. मग एके सकाळी फळी रिकामी दिसली. मेणाचं पातेलं चुलीवर होतं आणि ठोंब्या पळीनं ढवळत होता.

"चेहरा कुठाय?" मी विचारलं.

"मेण कमी पडत होतं," तो म्हणाला. "मेण म्हणजे मेण."

तिथून आमचा अबोला. आमच्याकडे मेण वाया जात नाही. साच्यातून वितळून निघतं, थंड झालं की त्याची वडी होते, आणि वडी परत पातेल्यात. म्हणजे त्या दिवसापासून दारांच्या मुठींत, नळाच्या तोट्यांत, आम्ही जे जे ओतलं त्या सगळ्याच्या मेणात आई थोडी थोडी होती. हे मनात आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ते रोजच मनात यायचं.

काम मात्र थांबवता येत नव्हतं. बाबा मध्ये स्टुलावर बसायचे आणि आमचं टपाल चालवायचे. "बाबा, सांगा त्याला, साचा उद्या मिळेल." बाबा मान वळवायचे, "ती म्हणते, उद्या मिळेल." तो माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यानं सगळं ऐकलेलं. तरी बाबांकडून निरोप आल्याशिवाय तो मान हलवायचा नाही. कधी मी म्हणायचे, "सांगा त्याला, गाढवाला अक्कल असते." बाबा तेवढं गाळून टाकायचे. मला वाटायचं, किती सोसतात हो बिचारे आमच्यापायी.

बाबा हिवाळ्यात गेले. छातीत कफ साचला आणि चार दिवसांत आटोपलं. भाऊ, भावजय, मी, तिघंच घरात उरलो आणि पहिल्यांदा लक्षात आलं की आता निरोप कोणाकडे द्यायचा? दुसऱ्या दिवशी मी भट्टीकडे तोंड करून म्हणाले, "भट्टीबाई, सांगा त्याला, कोळसा ओतताना धूळ उडवू नको." त्यानं भट्टीकडे बघून उत्तर दिलं, "भट्टीबाई, सांगा तिला, नाक झाकून घे." लेकी बोले सुने लागे, तशातली गत. बाबा निदान शिव्या गाळायचे. भट्टी काही गाळत नव्हती, त्यामुळे बोलणं वाढलं आणि त्यातलं ऐकण्यासारखं कमी झालं. मी दिवसभर भट्टीला त्याच्याबद्दल काय काय सांगायचे आणि तो पालथ्या घड्यासारखा उभा राहायचा.

फक्त एक गोष्ट भट्टीवर सोडण्यासारखी नव्हती, आणि ती म्हणजे साचा वाळला की नाही. मातीतलं पाणी लोचट पाहुण्यासारखं असतं. उठतो उठतो म्हणतं आणि बसूनच राहतं. वरून माती पांढरी दिसते, हाताला चटका देते, आणि आत ओल असते. त्या ओलीवर रस पडला की पाण्याची वाफ व्हायला पापणी लवायचाही अवकाश लागत नाही. वाफेला खोलीभर जागा हवी असते आणि साच्यात तर बोट घालायला जागा नसते. मग ती आल्या वाटेनं बाहेर पडते, रस सोबत घेऊन, आणि त्या वाटेवर ओतणाऱ्याचं तोंड असतं. मागच्या गल्लीतला एक ओतारी असाच आंधळा झाला. तो आमच्याकडे यायचा तेव्हा बाबा आम्हा दोघांना मुद्दाम त्याच्यासमोर बसवायचे.

म्हणून आरसा. बाबांचा दाढीचा आरसा, पत्र्याच्या चौकटीचा. साच्याच्या तोंडावर तो धरायचा. काच धुरकट झाली, घामेजली, की आत पाणी आहे. स्वच्छ राहिली की ओत. बाबा गेल्यावर या आरशानंच निरोप्याचं काम धरलं. साच्यावर पालथा ठेवलेला असला तर अजून ओल आहे. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असला तर वाळलाय. हे आम्ही ठरवलं नाही. ठरवायला तरी बोलावं लागतं. आपोआप पडत गेलं आणि कधी चुकलं नाही.

आता त्या साच्याविषयी. शाळेच्या एका छोट्या घंटेचं काम आलं होतं आणि ठोंब्याला वाटत होतं खड्ड्यात तीच आहे. बाहेरून कुठलाही साचा म्हणजे मातीचा गोळाच. आत घंटा नव्हती. आत बाबा होते. मी त्यांचा चेहरा घडवला होता, त्याच पातेल्यातल्या मेणानं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. काशाला उन्हाळा लागत नाही. बघू म्हटलं, आता कोण पळी घेऊन येतो ते. आणि त्याच्याच हातून ओतून घ्यायचा, आत काय आहे हे त्याला न कळता. साचा फोडल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. मनात काळं होतं, नाही कशाला म्हणू?

मेण निघालं, साचा भाजून झाला, खड्ड्यात बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मानेच्या मागच्या बाजूला भेग. अशा भेगेतून रस गळतो आणि सगळं मुसळ केरात. मी ओली माती घेतली, भेग भरली, आत खोलवर दाबली, भोवती निखारे रचले आणि तोंडावर आरसा पालथा ठेवला. निखारे पुरेनात, म्हणून मागच्या अंगणात लाकडं पेटवायला गेले. भट्टी धडधडत होती. ठोंब्या मुशीत कथील टाकत होता. त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, आरसा पालथा दिसला, आणि त्यानं भट्टीला वारा घालणारा पंखा कमी केला. इतकं आम्हाला एकमेकांचं कळायचं.

निखारे धरायला वेळ लागला. टोपली भरून मी आत आले आणि दारातच थबकले. खड्ड्यातले निखारे काढून साच्याभोवती वाळू ठासलेली. पंखा बंद. भरलेली मूस कप्पीच्या साखळीला लटकतेय आणि ठोंब्या तिचा दांडा धरून तिला साच्याच्या तोंडावर आणतोय. रस पिवळाधमक झालेला. आरसा खिळ्यावर.

मी नव्हता टांगला. कोणी टांगला याचा विचार करायला वेळ नव्हता. माझ्या तोंडून जे निघालं ते सवयीचंच निघालं.

"भट्टीबाई, सांगा त्याला, साचा ओला आहे!"

त्यानं मान वळवली नाही. "भट्टीबाई," तो म्हणाला, "सांगा तिला, तिचं रोजचंच आहे. आज मी ऐकणार नाही."

आणि खरंच, आदल्याच दिवशी मी भट्टीला सांगितलं होतं की याचं डोकं ओलं आहे, यात काय ओतलं तरी फुकट. परवा सांगितलं होतं की हा एक दिवस सगळ्यांना जाळणार. त्याला काय कळणार यातलं खरं कुठलं? मूस कलायला लागली. मी तोंड उघडलं आणि त्याचं नाव येईना. इतकी वर्षं ते तोंडात धरलं नव्हतं. मला भीती वाटली, इतकी भीती मला आई जाताना वाटली नव्हती.

"ठोंब्या!" मी ओरडले. "थांब! तुझ्या हातातलं थांबव, साचा ओला आहे!"

त्याचा हात थांबला. दांडा उलटा फिरला आणि मूस सरळ झाली. पण कडेवरून एक धार निसटलीच, साच्याच्या तोंडाऐवजी बाजूच्या ओलसर वाळूवर पडली. फट् असा आवाज झाला, रसाचे थेंब छपरापर्यंत उडाले, आणि त्यातला एक त्याच्या कातडी एप्रनला छातीवर चिकटून धुमसत राहिला. वाळूतल्या ओलीचा हा प्रताप. साच्याच्या पोटात तर मी मूठभर ओली माती दाबली होती.

त्यानं मूस ओढत भट्टीच्या कडेला नेली, तिथल्या उरल्या रसासाठी तापत ठेवलेल्या लोखंडी पन्हळींत सगळा रस रिकामा केला, एप्रन काढून फेकला आणि मग माझ्याकडे वळला. माझ्याकडे, भट्टीकडे नाही.

"मारायला निघाली होतीस मला?"

"मी?"

"आरसा खिळ्यावर आहे! खिळ्यावर आहे म्हणून वाळू ठासली, खिळ्यावर आहे म्हणून मूस उचलली! आयुष्यभर शिव्या दे, जेवणात मीठ घालू नको, पण हे? ताई, हे?"

"मी टांगला नाही."

"मग काय बाबा येऊन टांगून गेले?"

"मी टांगला," दारातून आवाज आला. माझी भावजय. ती एरवी ओतशाळेत येत नाही, धुरानं तिला खोकला येतो. "जेवायला बोलवायला आले होते. हे कोठीतून कोळसा आणायला गेले होते, वन्सं अंगणात. मामंजींचा आरसा मातीत पालथा पडलेला दिसला. फुटेल म्हटलं. पुसून जागेवर लावला." आणि ती रडायला लागली.

तिला काय बोलणार? आमच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली आणि आमच्यातलं हे आरशाचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन माणसं न बोलता घर चालवतात तेव्हा तिसऱ्याला अंधारातच ठेवतात. ठोंब्या मटकन स्टुलावर बसला. बाबांच्या स्टुलावर. त्याचे हात थरथरत होते ते त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

"पुसून लावला," तो म्हणाला. "पुसून! धन्य आहे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण अबोला एकदा फुटला की माणूस वाहवत जातं. "इतका जीव प्यारा आहे ना," मी म्हणाले, "मग आईचा चेहरा पातेल्यात टाकताना हात नाही थरथरले?"

"परत तेच!"

"तेच. आणि खड्ड्यात घंटा आहे असं वाटतंय तुला? घंटा नाही. बाबा आहेत. काशात ओततेय त्यांना, म्हणजे तुला वितळवता येणार नाहीत."

त्यानं खड्ड्याकडे पाहिलं. मग तो हसला, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

"वा! ज्यानं आईला वितळवायला लावलं, त्यालाच काशात ओततेयस."

"काय म्हणालास?"

"बाबांनी सांगितलं होतं मला. दर उन्हाळ्यात तिचं तोंड उतरायचं आणि तू ते परत चेपून बसवायचीस. ते म्हणाले, एकदा तिला असं झिजताना बघितलं, आता दर वर्षी नाही बघवत. टाक पातेल्यात. आणि ताईला माझं नाव सांगू नको, ती माझ्याशी बोलायची बंद होईल."

"मग काशात का नाही ओतला? ओतला असता तर उतरला नसता!"

"मी हेच म्हणालो. ते म्हणाले, मग मरेपर्यंत रोज बघावा लागेल."

"आणि 'मेण म्हणजे मेण'? तेही त्यांनीच सांगितलं?"

"ते माझं," तो म्हणाला. "काहीतरी म्हणायला हवं होतं. तू त्या पळीकडे अशी बघत होतीस की..."

"मग नंतर बोलला का नाहीस?"

"कोणाजवळ बोलू? बाबांच्या हातून निरोप पाठवू, की बाबांनीच केलंय म्हणून?"

भावजयीचं रडणं थांबलं होतं.  चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर रोज नेमानं कोणाच्या हातात देत होते मी? त्यांच्याच. ते स्टुलावर बसून मान इकडून तिकडे वळवत होते. ती म्हणते. तो म्हणतो. शिव्या गाळत होते, आणि स्वतःचं नावही गाळत होते. पोटच्या पोराला त्यांनी आपल्या जागी उभं केलं आणि मला त्याच्यावर सोडलं. आणि त्यांच्या मायेची किती किंमत केली मी! रात्री त्यांचे पाय चेपून द्यायचे.

मी कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि खड्ड्यापाशी गेले.

"वन्सं!" भावजय ओरडली.

"फोडू दे," ठोंब्या म्हणाला. "मी अडवणार नाही."

साच्यात काही नव्हतं. मेण निघून गेलेलं, रस आलेला नाही. बाबा तिथं नुसती जागा होते, मातीच्या आतली. एक घाव घातला असता तर तीही राहिली नसती. मी हातोडा वर नेला आणि मनात आलं, मग मी काय करणार? रिकाम्या फळीशी भांडणार? भट्टीला सांगणार?

मी हातोडा खाली ठेवला. "वाळू काढ," मी त्याला म्हणाले. "भेग परत भाजायला हवी. वाळला की ओतायचा."

"अजून ओतायचाय?"

"भांडायला समोर तोंड तरी हवं मला," मी म्हणाले. "असे मेलेत म्हणून सुटणार नाहीत ते."

त्यानं वाळू काढली. काढताना दोन वेळा साच्याला फावडं लागलं आणि दोन्ही वेळा मी त्याला आंधळा म्हणाले, तोंडावर. त्यानं उलट सांगितलं की भेग पडावी असा साचा करणारीनं दुसऱ्याला नावं ठेवू नयेत. निखारे पुन्हा रचले. आरसा मी तोंडावर धरला तेव्हा काच क्षणात धुरकट झाली आणि चौकटीवरून पाण्याचा थेंब घरंगळून माझ्या मनगटावर पडला. मी तो त्याला दाखवला. तो बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच स्वच्छ राहिली. मी आरसा खिळ्याला टांगला नाही. खिशात घातला, ठोंब्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोरडा आहे. ओत, मेल्या."

त्यानं ओतलं. आवाज झाला नाही, उसळी नाही. रस शांतपणे आत उतरला आणि शेजारच्या छिद्रातून वर येऊन चकाकला, मग लाल, मग काळपट झाला. साचा निवल्यावर आम्ही दोघांनी माती फोडली. मानेजवळ थोडं खडबडीत आलं होतं, बाकी चेहरा स्वच्छ. ओठ मिटलेले. मीच तसे घडवले होते, तेव्हा मला ते समजूतदार वाटले होते.

चेहरा फळीवर ठेवला, आईच्याच जागी. पहिला आठवडा मी त्यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. भावजय खोकत का होईना दारापर्यंत यायची आणि ऐकून परत जायची. ते काही बोलले नाहीत. उन्हाळा आला, गेला. एक रेष इकडची तिकडे झाली नाही.

आणि एका सकाळी ठोंब्या आला, भट्टीकडे न जाता फळीसमोर उभा राहिला आणि खाकरून म्हणाला, "बाबा, सांगा तिला, शाळेची घंटा राहिलीय. शाळावाले दारात उभे आहेत."

माझ्या हातात मातीचा गोळा होता. मी तो टेबलावर आपटला.

"त्यांना काय सांगतोस?" मी म्हणाले. "त्यांनी एक तरी निरोप पुरता पोचवला का? इकडे बघ. मला सांग."

तो वळला. कपाळाला आठ्या होत्याच.

"ताई, घंटेचा साचा कधी देतेस?"

"वाळला की देईन," मी म्हणाले.